विहिरीला विचार, मग खोल्या मोज

बयो, आर्किटेक्टच्या आधी काकांना फोन कर. पुण्याच्या, बडोद्याच्या, आणि ठाण्याच्या आत्याच्या मुलांनासुद्धा. आंजर्ल्याचं घर पाहुण्यांसाठी उघडायचं हे तुझ्या मनात पक्कं झालंय, कळलं मला. पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे ना? मग आज ते घर सगळ्यांचं आहे. पडकं असेपर्यंत कोणी फिरकणार नाही. तू कौलं घातलीस, ओटी सारवलीस, की प्रत्येकाला आपलं बालपण आठवणार आणि त्या बालपणाचा हिस्साही.

तेव्हा आधी वारस नोंद, मग फेरफार, ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उतारा. कोणी हक्कसोड द्यायला तयार असेल तर ती नोंदणी करूनच घे. तयार नसेल तर रागावू नकोस, त्यांचंही आहे ते. मग निदान रीतसर करार कर: इतकी वर्षं घर तू चालवणार, खर्च तुझा, उत्पन्नात त्यांचा वाटा अमुक. ‘कर गं तू, आमचं काय म्हणणं असणार!’ एवढ्या बोलण्यावर एक चिराही हलवू नकोस. असं म्हणणारी माणसं खोटी नसतात. त्यांच्या मुलांचं म्हणणं पुढे निघतं.

करारात एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट लिही: घर घरच्यांचं कधी. वकिलाला ती क्षुल्लक वाटेल. पण मे महिन्यात सगळ्यांना गाव आठवतं आणि मे महिन्यातच आपला हंगाम. आमच्याकडे गुहागरला गणपतीत आणि शिमग्याला पाहुणे घ्यायचेच नाहीत असं ठरलंय. पालखी दारात येते तेव्हा ओटीवर घरची माणसं हवीत. मेमध्ये एक खोली कायम घरच्यांसाठी, बाकीच्या पाहुण्यांच्या. घरच्यांकडून खोलीचं भाडं नाही, पण येणार असल्याचं महिनाभर आधी कळवायचं. पहिल्यांदा तोंडं वाकडी झाली. आता नणंदच सगळ्यांच्या तारखा गोळा करून मला पाठवते.

कागदांतच अजून एक. ग्रामपंचायतीत बसून जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोध. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याआधीपासून घर उभं आहे हे दाखवणारा कागद हाताशी असला की पुढची निम्मी धावपळ वाचते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण आहे त्या जोत्यावर आणि आहे तेवढ्याच चटईक्षेत्रात. आगरात समुद्राच्या बाजूला दोन झोपड्या टाकायचं तुझ्या डोक्यात आहे, ते काढून टाक. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते आवडलं नसतं.

आता खोल्या किती, ते विहिरीला विचार. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगत असतं. रहाटाने काढायचे तेव्हा ते पुरायचं. पंपाने रपारप उपसलं की खालचं खारं वर चढतं आणि पाऊस पडेपर्यंत खाली जायचं नाव घेत नाही. म्हणून वैशाखात, पाणी अगदी तळाला असताना, दिवसभर थोडा थोडा पंप लावून बघ. संध्याकाळी चव घे. शहरात माणशी रोजचं १३५ लिटर पाणी धरतात, पण सुटीवर आलेला माणूस दोनदा समुद्रात जातो आणि तीनदा अंघोळ करतो. सहा माणसं म्हणजे हजार लिटर सहज गेलं, धुण्याच्या चादरी वेगळ्या. मला तरी तुझ्या विहिरीवर तीनच्या वर खोल्या दिसत नाहीत. बोअर मारून देतो म्हणणारे दारात येतील. त्यांना चहा दे आणि वाटेला लाव.

संडासाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान ५०–६० फूट लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. आपला जांभा सच्छिद्र आहे, वरचं पाणी त्यातून कुठल्या कुठे जातं. खोलीला लागून न्हाणीघर हवंच, त्यात काटकसर नको. मातीची भिंत, शेणाची जमीन, कंदिलाचा उजेड हे सगळं पाहुण्यांना आवडतं, पण रात्री टॉर्च घेऊन परसात जायला कोणालाही आवडत नाही. आपल्यालाही कुठे आवडायचं?

छपरावर मात्र हात सैल सोड. माझं ऐकशील तर पहिल्या वर्षीचा निम्मा पैसा छपराला ठेव आणि रंग, पडदे, झोपाळे यांच्याकडे बघूही नकोस. सुताराला घेऊन माळ्यावर चढ. वासे जिथे भिंतीवर टेकतात ती टोकं आधी बघायची. ओल तिथे मुरते आणि वाळवी तिथूनच शिरते. बोटाने टोकरून बघ, पीठ निघालं तर तो वासा गेला. सगळं लाकूड बदलायला निघतात लोक, त्याची गरज नसते. जुना साग आणि फणस आतून ठणठणीत असतो, टोक कापून जोड देता येतो. नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात. वाळवीला ते आवडत नाही, पण कातडीही भाजतं. लावणाऱ्याच्या हातात मोजे आहेत ना, ते तूच बघ.

कौलं फेकू देऊ नकोस. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, मग तिथे एकामागून एक कारखाने निघाले. म्हणून जुन्या कौलांच्या पाठीवर वेगवेगळे शिक्के दिसतात. गंमत म्हणून नाही सांगत. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. उतरवतानाच शिक्क्याप्रमाणे वेगळी रचायची, एका पाख्यावर एकच जात. गावात कोणी घर पाडत असेल तर तशी कौलं विकत घेऊन परसात रचून ठेव, कारण माकडं आहेतच. माकडांपायी निम्म्या गावाने पत्रे घातले, मी त्यांना नावं ठेवत नाही. शाकारायला माणूस मिळत नाही हेही खरंच. पण पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही, आणि तू तर शांतता विकायला निघाली आहेस. कौलांखाली आधाराला काही घालायचं तर घाल, वर कौलच राहू दे. अंधाऱ्या माजघरावर दोन काचेची कौलं लाव, दिवसा दिवा लागणार नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे काय झालं ते तुझ्या गावात कोणालाही विचार. कौलं पत्त्यांसारखी उडाली आणि पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा कडेच्या आणि आढ्याच्या ओळी पक्क्या करून घे, घराकडे झुकलेला माड वेळीच उतरव, आणि विमा काढ. विमा काढणारं आपल्याकडे कोणी भेटत नाही, तू काढ.

भिंतींना सिमेंट लावू देऊ नकोस. गवंडी म्हणेल, ‘ताई, चुन्याचं काम आता कोण करतं?’ चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर म्हणजे घामेजल्या अंगावर रेनकोट. आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार फुगतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. तो नीट विरवावा लागतो, भिजत ठेवावा लागतो, कामाला वेळ लागतो. लागू दे. किनाऱ्यावरची वाळू मात्र घरात चिमूटभरही नको, ती उचलायला बंदी आहे आणि तिच्यात मीठ आहे. बिजागऱ्या आणि कड्या पितळी. स्टील घ्यायचंच तर ३१६ नंबरचं. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळेही काढत नाही.

पैशाचं म्हणशील तर कर्ज काढण्याआधी राज्याच्या ‘आई’ धोरणाची चौकशी कर. २०२३ मध्ये आलंय. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारी योजनेत नोंदणीही करून घे. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, ते विसरायचं नाही.

जेवणाचा प्रश्न घरात पहिल्या दिवशीच सोडव, मासे शिजणार की नाही. आंजर्ल्याला येऊन, हर्णैचा लिलाव बघून आलेला माणूस संध्याकाळी सुरमई मागणारच. आजीच्या चुलीवर नको वाटत असेल तर नको, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. पण तसं आधीच सांग, आणि शेजारची कोणी चांगले मासे रांधत असेल तर ताट तिच्याकडून मागव. तिला चार पैसे मिळतील. बाकी तुझं ताट साधं असू दे. सकाळी घावन किंवा मऊ भात-मेतकूट, दुपारी कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. पनीर करायला गेलीस तर मी येऊन भांडेन.

वेळासला एकदा जाऊन राहून ये. सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी २००२ पासून तिथे कासवांचं काम उभं केलं आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरात राहू लागले. सतरंजीवर झोपतात, पंगतीत जेवतात, पहाटे उठून पिल्लं बघायला जातात. तुझ्याही किनाऱ्यावर कासवं येतात. म्हणून समुद्राकडच्या बाजूला मोठे दिवे लावायचेच नाहीत. उजेडाने मादी बिचकते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. ओटीवर एक मिणमिणता पिवळा दिवा, तोही खाली तोंड करून. पाहुण्यांना कारण सांगितलंस की ते स्वतःच टॉर्च बंद करतात.

आणि बुकिंग फोनवर घे, निदान पहिली दोन वर्षं. दोन मिनिटं बोललं की माणूस कळतो. ‘आम्ही बाराजण आहोत, स्पीकर लावला तर चालेल ना?’ असं विचारणाऱ्याला नाही म्हणायला शिक, पण वाऱ्यावर सोडू नकोस. त्याला मुरुड-हर्णैकडच्या मोठ्या हॉटेलचा नंबर दे. त्यांचा धंदा होतो, आणि एखादी एकटी बाई किंवा पुस्तकं घेऊन आलेलं म्हातारं जोडपं त्यांच्याकडे चुकून पोचलं, की ते तिथून तुझ्याकडे पाठवतात. माझे निम्मे पाहुणे असेच आलेत.