महासंगणकातील आज्ञावली-घटकांचे वर्गनामकरण

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कर्झन रोड पुढे कस्तुरबा गांधी मार्ग झाला. नाव बदलले, रस्ता मात्र जागेवरच राहिला. महासंगणकाच्या व्यवस्थापनात नेमका याच्या उलट प्रसंग वारंवार येतो. तेथे वस्तू बदलते आणि नाव टिकवावे लागते. म्हणून नाव कशाला द्यायचे, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो.

राष्ट्रीय महासंगणन अभियानास २०१५ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्यासाठी सात वर्षांकरिता ४,५०० कोटी रुपयांचा खर्च निश्चित करण्यात आला. अंमलबजावणी पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे, म्हणजे सी-डॅककडे, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तिघांचेही नाव ‘परम रुद्र’ आहे. शिवाय सी-डॅकने विकसित केलेल्या सर्व्हरचे नावही ‘रुद्र’च. साहजिकच नुसते ‘रुद्र’ म्हटल्याने कोणते यंत्र अभिप्रेत आहे ते कळत नाही, स्थळ सांगावेच लागते.

महासंगणक म्हणजे एकच मोठे यंत्र नव्हे. अनेक सर्व्हर वेगवान जाळ्याने जोडून हा समूह, म्हणजे क्लस्टर, बनतो. त्यातील प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. वापरकर्ता लॉगिन नोडवर प्रवेश करतो, गणिते संगणन नोडवर होतात, तर संपूर्ण समूहाची देखरेख व्यवस्थापन नोड करतो. या सर्वांवर बसविलेल्या आज्ञावलींचे थर पाडले जातात: ऑपरेटिंग सिस्टिम, नोडवर ती चढविणारी साधने, साधनसंपत्तीचे वाटप, सामायिक साठवण, देखरेख, आणि अखेरीस कंपायलर व गणिती ग्रंथालये. स्लर्म वाटपाच्या वर्गात येते, लस्टर साठवणीच्या. गँग्लिया, नॅगिऑस आणि सी-डॅकचे ‘सी-चक्षु’ देखरेखीच्या.

येथे वर्गाचे नाव उत्पादनावरून नव्हे, तर कार्यावरून पडले आहे. त्याचा उपयोग कसा होतो, हे सेंटओएसच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. महासंगणकांवर मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या सेंटओएस ७ या प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. ज्या संस्थेच्या नोंदींत तो वर्गच ‘सेंटओएस’ या नावाने होता, तिला पर्यायी प्रणाली आणताना सर्व नोंदी बदलाव्या लागणार. ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ असा वर्ग असेल तर केवळ त्यातील नोंद बदलते.

तथापि कार्यावरून पाडलेले वर्गही सदैव काटेकोर राहत नाहीत. पूर्वी काही क्लस्टरवर कोणते नोड मोकळे आहेत याचा हिशेब टॉर्क ही आज्ञावली ठेवी आणि रांगेतील कामांचा क्रम माउई ही दुसरी आज्ञावली ठरवी. त्यामुळे ‘साधनव्यवस्थापक’ आणि ‘कार्यनियोजक’ असे दोन वर्ग योग्य होते. स्लर्म ही दोन्ही कामे स्वतःच करते. तिला कोठे ठेवावे? पुष्कळ ठिकाणी दोन वर्ग एकत्र करून हा पेच सोडविलेला दिसतो, आणि तेच सयुक्तिक आहे.

नामकरणाची सर्वाधिक कसोटी लागते ती ग्रंथालयांच्या बाबतीत. फूरिये रूपांतर करणारे एफएफटीडब्ल्यू हे ग्रंथालय एकच असले, तरी वेगवेगळ्या कंपायलरने आणि नोडमधील संदेशवहनाच्या वेगवेगळ्या ग्रंथालयांसह बांधल्यास त्याच्या अनेक आवृत्त्या तयार होतात. त्या परस्परांऐवजी चालतीलच असे नाही. २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने सुरू झालेल्या ओपनएचपीसी या प्रकल्पाने यावर सोपा उपाय योजला: घटकाच्या नावातच त्याचे कूळ लिहिणे. ‘एफएफटीडब्ल्यू-जीएनयू१२-ओपनएमपीआय४-ओएचपीसी’ या नावातून ग्रंथालय, कंपायलर, संदेशवहनाची पद्धती आणि प्रकल्प असा चारही बाबींचा बोध क्रमाने होतो. नाव लांबते खरे. परंतु हवामानाचे प्रारूप चालविणाऱ्या संशोधकाने विसंगत आवृत्ती जोडली, तर रांगेत तासन्‌तास थांबून मिळालेले नोड त्याच्या हातून वाया जातात. त्या मानाने चार शब्द अधिक टंकलिखित करणे स्वस्तच म्हणावे लागेल.