गॅरेजच्या दाराची स्प्रिंग घरी बदलावी का?

प्रश्न: न्यू जर्सीतल्या आमच्या घरी गॅरेजच्या दारावरची स्प्रिंग तुटली. नवी मागवून मीच बसवू का?

उत्तर: बसवू नका. दार मोटर उचलते असं वाटतं, पण खरा भार पेलते ती दारावरच्या दांड्यावर पिळून बसवलेली स्प्रिंग. दोन गाड्यांचं दार सहज 150 पौंड भरतं. तेवढं तोलणारा पीळ तिच्यात कोंडलेला असतो. तुम्ही म्हणाल, तुटली म्हणजे पीळ सुटलाच की! त्या स्प्रिंगचा सुटला, हे खरं; पण जोडीला दुसरी असेल तर ती अजून ताणलेलीच आहे, आणि नवीला पीळ तुम्हालाच भरायचा आहे. सात फुटी दाराला साधारण साडेसात वेढे, तेही पाव-पाव वेढ्याने, दोन सळ्या आलटूनपालटून भोकांत घालत. एक सळी निसटली की ती थेट हातावर किंवा तोंडावर येते. व्हिडिओत हे सोपं दिसतं ते सरावलेल्या हातांमुळे. खर्चाची काळजी रास्त आहे, पण बचत दुसरीकडे होते. साधी स्प्रिंग सुमारे 10,000 उघडझापींची, म्हणजे रोज चार धरल्या तर जेमतेम सात वर्षांची. म्हणून कारागिराकडून जोडी एकदमच बदलून घ्या, जास्त आयुष्याची मागा. तोवर मोटरचं बटण दाबू नका, आणि दार वर अडकलं असेल तर मोटरपासून दार सोडवणारी लाल दोरी मुळीच ओढू नका. दार धाडकन खाली येईल.