थव्याने राहणारा मासा

मुलांनो, तुम्ही झेब्रा मासा पाहिला आहे का? हा मासा सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या अंगावर निळे पट्टे असतात. भारत, नेपाळ व बांगलादेश येथील ओढे आणि भातखाचरे हे त्याचे मूळ घर होय.

हा मासा थव्याने राहतो. थव्यात अनेक डोळे पहारा करतात. इतक्या माशांतून एकाला पकडणे शत्रूला कठीण जाते. एकटा पडलेला मासा मात्र घाबरतो व कोपऱ्यात लपतो. म्हणून घरी पाळायला एकच मासा आणू नये. निदान सहा आणावेत.

हा मासा सतत पोहतो. त्याला गोल बरणी पुरत नाही; लांब काचेची टाकी हवी. तो उडी मारतो, म्हणून टाकीवर झाकण ठेवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असते. ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मग टाकीत घालावे. खाद्य चिमूटभरच द्यावे. उरलेले खाद्य कुजून पाणी बिघडते.

मुका जीव पाळणे म्हणजे त्याची जबाबदारी घेणे होय.

शब्दार्थ : थवा – समूह, झुंड, पहारा – राखण, घातक – जीव घेणारे

प्रश्न : झेब्रा मासा एकटा का पाळू नये?