डिझेल मोटारीचे तेल काळे का पडते?

इंजिनचे तेल बदलून चार दिवस होतात न होतात, तोच डिपस्टिकवर ते पुन्हा काळे दिसते! तेल भेसळीचे होते काय? बहुधा नाही. डिझेल इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा आपोआप पेटतो. परंतु हवा व इंधन सर्वत्र सारखे मिसळत नाहीत, म्हणून काजळी उरते. तिच्यातील काही पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून तेलात उतरते. तेलातील रसायने हे कण सुटे ठेवतात, त्यांचे गोळे होऊ देत नाहीत. ही रसायने हळूहळू खर्ची पडतात. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत तेल आणि फिल्टर बदलावेत. इंजिन कोमट असताना चेंबरचा नट काढला, की पातळ तेलाबरोबर काजळीही वाहून येते. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये.)

आता जुन्या तेलाचे काय? अंबरनाथच्या गटारात ओतले, तर ते वालधुनीत जाईल. इ.स. १०६० च्या शिवमंदिराशेजारून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. गणित करून पाहा : ४ लिटर तेलाचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर पाणी झाकील! त्याखाली प्राणवायू पोचणे अवघड. हे तेल डब्यात भरून, घट्ट झाकून गॅरेजवाल्यामार्फत परवानाधारक शुद्धीकरण कारखान्याकडे द्यावे. तेथे त्यापासून पुन्हा वंगण बनते.