परखणारा वेगळा, घेणारा वेगळा

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंचवीस-तीस जण जमतो, नवीन मिळालेलं नाणं एकमेकांना दाखवतो, वाचतो, वाद घालतो. आता तरुण सभासदांचं म्हणणं पडलं की तिथंच खरेदी-विक्रीही सुरू करावी. ज्येष्ठांना ते पटत नाही, 'मंडळाचं दुकान होईल' म्हणतात. काय करावं? कायद्याची काही अडचण येते का? ता. क. : माझ्याकडे आजोबांची एक शिवराई आहे, पार काळी पडली आहे. विकायला ठेवण्याआधी चिंचेनं घासून लख्ख करू का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी ताजा कलम. चिंच लावू नका. लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, काहीही नको. तांब्यावर दीड-दोनशे वर्षांत धरलेला तो काळपट-तपकिरी थर धातूचाच झालेला असतो आणि खालची अक्षरं त्यानंच सांभाळलेली असतात. घासलेली शिवराई गुलाबी दिसते. जाणता माणूस ती हातात घेतो आणि लगेच खाली ठेवतो. माती चिकटली असेल तर स्वच्छ पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा, मऊ कापडानं टिपून घ्या, बस्स.

आता मुख्य प्रश्न. माझं मत विचाराल तर सुरू करा. बाजार तुमच्याकडे आजही भरतोच आहे. सभा उठल्यावर जिन्यात, चहाच्या टपरीवर, मोटारसायकलच्या सीटवर रुमाल पसरून जे चालतं ते दुसरं काय असतं? तिथं पावती नसते, साक्षीदार नसतो आणि फसलेला सभासद लाजेनं बोलत नाही, पुढच्या महिन्यापासून यायचाच बंद होतो. असे गळालेले सभासद मी पाहिलेत. त्यापेक्षा तो व्यवहार जिन्यातून वर आणून ट्यूबलाइटखाली ठेवलेला बरा. पण ज्येष्ठांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ते ज्याला दुकान म्हणताहेत, ते काय असतं हे डोळ्यांपुढं आणू या.

एक बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन तुमच्या खोलीत येतात. सासूबाईंच्या ट्रंकेत सापडलेला. आत चार ढब्बू पैसे, एक भोकाचा पैसा, व्हिक्टोरियाचा एक रुपया आणि तांब्याची एक वेडीवाकडी जाड चकती. आजवर अशा वेळी काय होत आलं? दहा डोकी त्या चकतीवर वाकतात. कुणी भिंग काढतं, कुणी मोबाइलचा दिवा तिरपा धरतं. 'श्री' लागतं, खाली 'राजा' लागतं, 'शिव' निम्मंच दिसतं. उलटवल्यावर 'छत्र' आणि त्याखाली 'पति'. मग कुणीतरी सांगतं की शिवराई महाराजांच्या हयातीत पाडली गेली तशी पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडली गेली, सापडतात त्या बहुतेक नंतरच्याच, अक्षरांच्या वळणावरून आणि वजनावरून फरक काढावा लागतो. बाई सगळं ऐकून डबा छातीशी धरून घरी जातात. सगळ्यांनी सगळं सांगून टाकलेलं असतं, कारण सांगण्यात कुणाचंच काही जात नव्हतं.

त्याच टेबलावर विक्री सुरू झाली की ज्याला सर्वांत जास्त कळतं तोच सर्वांत आधी गप्प होतो. चकती दुर्मीळ आहे हे ओळखलेला माणूस भिंग खिशात घालतो आणि म्हणतो, 'साधी आहे ताई, दोनशे रुपये देतो.' तो लबाडच असतो असंही नाही. वर्षभर तो तसलंच नाणं शोधत असतो. पण त्या दिवसापासून मंडळात प्रश्न विचारणारा उत्तरावर विश्वास ठेवीत नाही. मंडळाजवळ खरी पुंजी ती विश्वासाचीच होती.

म्हणून माझ्या लेखी बाकी सगळे नियम दुय्यम आहेत, एक सोडून : ज्यानं नाण्याची ओळख सांगितली, त्यानं ते नाणं त्या दिवशी विकत घ्यायचं नाही आणि त्याला भावही लावायचा नाही. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत असलेल्या काळात, अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का अशा नाना नाण्यांच्या गर्दीत, वसुलाचं नाणं पोतदार परखत असे. नाणं खरं की खोटं, चोख की हिणकस हे तो सांगे. मोडीचा आणि बट्ट्याचा हिशेब सराफाच्या पेढीवर होई. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावं आजही तुमच्या मंडळाच्या हजेरीपटावर असतील. त्यांच्या पूर्वजांची कामं वेगळी होती, तशी तुमची टेबलं वेगळी ठेवा.

हा नियम मोठ्या नावांनाही लावावा लागतो. अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन यांनी 1949 साली जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 अशी दर्जाची मोजपट्टी काढली. कल्पना अशी की 70 दर्जाच्या नाण्याची किंमत 1 दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट धरावी. आज जगभर प्लास्टिकच्या डबीत बंद करून नाणी विकली जातात, त्यांवरचा आकडा याच मोजपट्टीचा. शेल्डन 1977 साली वारले. पुढं उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली शंभराहून जास्त चांगली सेंट नाणी त्यांनी उचलून त्या जागी हलक्या प्रतीची ठेवून दिली होती. ज्याच्या शब्दावर दर्जा ठरायचा, त्यालाच नाण्यांचा मोह होता आणि पेटीची किल्ली मागायला कुणी धजलं नाही. तुमच्या मंडळातल्या सर्वांत आदरणीय काकांनाही हा नियम लागू करा आणि त्यांनीच तो सभेत मांडावा अशी त्यांना विनंती करा. खरा संग्राहक त्यात अपमान मानणार नाही.

दुसरी मोठी गोष्ट खोट्या नाण्यांची. हे मी ठेच लागून शिकलो. एका मेळ्यात मी एक शिवराई घेतली. तिच्या कडेला घड्याळात चार वाजतात त्या जागी एक नाजूक भेग होती आणि 'श्री'ची वेलांटी निम्मी बाहेर गेलेली. भेग होती म्हणूनच ती मला अस्सल वाटली. दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात दुसऱ्या विक्रेत्याच्या ट्रेमध्ये तीच शिवराई दिसली. भेग चारच्या जागी, वेलांटी तेवढीच बाहेर. हातोड्यानं पाडलेली दोन नाणी अशी तंतोतंत कधीच नसतात. चकती प्रत्येक वेळी थोडी वेगळी सरकते, वेगळी फाटते. दोन्ही एकाच अस्सल नाण्यावरून घेतलेल्या साच्यात ओतलेली होती. घरी येऊन भिंगाखाली धरली तेव्हा अक्षरांच्या बेचक्यात टाचणीच्या टोकाएवढे हवेचे खड्डे दिसले आणि कडेला साच्याची शिवण कानशीनं घासल्याच्या रेघा. ती मी अजून ठेवली आहे, नव्या मुलांना दाखवायला.

त्यामुळे विक्रीच्या टेबलावर दोन वस्तू मंडळाच्या खर्चानं ठेवा : ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि चांगलं भिंग. व्हिक्टोरियापासून पंचम जॉर्जपर्यंतचा चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. झिजून थोडा कमी भरेल, पण साडेदहा भरला तर तो टेबलावरून उचला. 1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया कुणी आणला तर साल लिहिलेली जागा भिंगाखाली नीट बघा. 1938च्या आठाचा नऊ केलेले रुपये बाजारात फिरतात. आणि राम-लक्ष्मण किंवा हनुमान असलेली '1818 ईस्ट इंडिया कंपनी'ची नाणी टेबलावर येऊच देऊ नका. कंपनीनं असलं नाणं कधी काढलंच नाही. ती नाणी दाखवून 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणत लोकांना लाखोंना बुडवणाऱ्या टोळ्या आपल्या राज्यातही पकडल्या गेल्या आहेत.

विक्रीला ठेवलेल्या प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी हवी. विकणाऱ्याचं नाव, नाणं काय आहे असं तो समजतो ते, वजन, किंमत, आणि महिनाभरात खोटं ठरलं तर पैसे परत, ही हमी सहीनिशी. यात एक रकाना लोक टाळतात, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : नाणं कुठून आलं. गाव, कुणाचं घर, कुणाचा संग्रह, कोणत्या साली, जेवढं माहीत असेल तेवढं.

का, ते सांगतो. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा वरून मारलेला होता; नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची खूण. नहपानाचा पाडाव करून गौतमीपुत्रानं त्याचंच चलन आपल्या नावानं फिरवलं, हे त्या साठ्यानं स्वच्छ सांगितलं, कारण तो साठा म्हणून अभ्यासला गेला आणि मोजला गेला. तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून बाजारात विकली गेली असती तर प्रत्येक घेणाऱ्याच्या हाती एक छान चांदीचं नाणं आलं असतं आणि आपल्या इतिहासातलं ते पान कोरं राहिलं असतं. नाणं विकलं की त्याचं गाव पुसलं जातं. चिठ्ठी ते गाव राखते. नव्या मालकानं ती फेकायची नाही, पुढं द्यायची, हे सभासदत्वाच्या अटींतच घाला.

आता कायदा. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते. म्हणजे शिवराई तर आलीच, सातव्या एडवर्डचा रुपयाही आला. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. तेव्हा शंभरी ओलांडलेली नाणी मांडणारा विक्रेता बाहेरून येत असेल तर आधी परवाना बघा आणि त्याची प्रत दप्तरात ठेवा. सभासदानं आपल्याकडची जादा नाणी अधूनमधून बदलणं आणि दर महिन्याला ट्रे भरून विकणं यांत फरक आहे. तो कुठं संपतो हे एकदा वकिलाला बसवून लेखी घ्या. दुसरं, असं नाणं देशाबाहेर पाठवायचं नाही. अमेरिकेतल्या भाच्याला किंवा दुबईच्या मित्राला कुरिअरनं शिवराई पाठवणारे भले लोक मला भेटले आहेत. त्यांना हा गुन्हा आहे हे ठाऊकच नव्हतं. तिसरं, जमिनीत सापडलेलं धन. नांगराला हंडी लागली आणि आतल्या ऐवजाची किंमत दहा रुपयांवर असली की 1878च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा 1878चा आहे, म्हणजे आज जवळपास प्रत्येक साठा त्यात बसतो. 'शेतात मिळालं' म्हणून कुणी पिशवी घेऊन आला तर विकत घेऊ नका, त्याला हुसकूनही लावू नका. त्याच्याबरोबर तहसील कचेरीपर्यंत चाला. साठा वाचवायचा तर तेवढं करावंच लागतं.

भावांबद्दल थोडक्यात. मंडळानं भाव ठरवू नयेत. मागच्या काही लिलावांच्या छापील याद्या टेबलावर ठेवाव्यात, ज्यानं त्यानं बघावं. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं 2012चं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं घेऊन 'लाखात जातं म्हणे' असं विचारायला लोक येतील. ते सहज मिळणारं नाणं आहे, हे सौम्यपणे सांगा. आणि जुनी नाणी घेतो म्हणून आगाऊ कमिशन किंवा कर मागणाऱ्या फोनबद्दल सावध करा. आपलं नाव वापरून असं चालतं, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021मध्ये स्वतः दिला होता. शाळकरी मुलांनी विकू नये, फक्त बघावं आणि विचारावं, असंही मला वाटतं.

वेळेची वाटणी अशी करा. पहिला दीड तास नाणी दाखवण्याचा आणि वाचण्याचा. त्यात पैशाचा शब्द नाही. मग चहा. मग पाऊण तास विक्रीचं टेबल, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, काटा आणि भिंगासकट. सहा महिने करून बघा आणि ज्येष्ठांना विचारा की पहिल्या दीड तासात लोक पूर्वीइतके मोकळे बोलतात का. त्यांनी 'नाही' म्हटलं तर टेबल उचला.

तुमची शिवराई मात्र त्या पहिल्या दीड तासात न्या. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसतात का बघा. दिसल्या तर ती दुदांडी, बहुधा पेशवाईतली. वजन करून लिहून ठेवा. आणि आजोबांना ती कुठं मिळाली, कुणाकडून आली, हे घरात आत्या-काका कुणाला आठवत असेल तर आज संध्याकाळीच फोन करून विचारा.