पहाटे तीनचं जेवण

आजचे वाचन: लूक 24:28-43



2024 साली मी सेवेसाठी इथिओपियात, अदिस अबाबात होते. एका ऑर्थोडॉक्स कुटुंबाच्या आवारात भाड्याची एक खोली होती, स्वयंपाकघर मात्र सामाईक. घरातल्या आजोबांना मी भारतातली आहे म्हटल्यावर खूप आनंद झाला. त्यांच्या शाळेत गणिताला भारतीय मास्तर होते म्हणे. सम्राट हैले सेलासींच्या काळात आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडे गेले होते, त्यामुळे या वयाच्या माणसांकडून हे हमखास ऐकायला मिळतं.

त्या वर्षी आपला ईस्टर 31 मार्चला होता. इथिओपियन चर्च जुन्या गणनेने चालतं, त्यांचा ईस्टर, म्हणजे ‘फासिका’, 5 मे रोजी होता. तिथले इव्हँजेलिकल लोकही त्याच दिवशी साजरा करतात. त्यामुळे 31 मार्च हा तिथे नुसता एक रविवार होता, आणि तोही उपासातला. फासिकाच्या आधी 55 दिवस उपास असतो. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. बरेच जण दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. (आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आणि वर तूप!) मग रोज शिरो. हरभऱ्या-वाटाण्याच्या पिठाचं तिखट कालवण, अगदी आपल्या पिठल्यासारखं.

मला मात्र घरची फार आठवण येत होती. नगरला आम्ही ईस्टरला अंधारातच कब्रस्तानात पहाटेच्या उपासनेला जातो, मग घरी येऊन मटण. मी मोबाईलवर आमच्या मंडळीची उपासना बघितली, थोडी रडले, आणि ईस्टर आहे ना, म्हणून सामाईक स्वयंपाकघरात जाऊन दोन अंड्यांचं ऑम्लेट केलं. लोण्यात.

वास घरभर गेला. नऊ वर्षांची नात दारात येऊन उभी राहिली. तीही उपास धरत होती. घरमालकीणबाई आल्या, काही बोलल्या नाहीत, खिडकी उघडली आणि मुलीचा हात धरून तिला अंगणात घेऊन गेल्या.

खरं सांगते, मला तेव्हा लाज वाटली नाही, रागच आला. मनात म्हटलं, मी कृपेखाली आहे, मला कशाला यांचे नियम? बायबल स्टडीत रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय मी स्वतः शिकवलाय! आपल्या खाण्याने भावाला दुःख होत असेल तर आपण प्रीतीने चालत नाही, असं पौल तिथे म्हणतो. हे मला आठवलं दोन दिवसांनी, आणि तेसुद्धा भांडी घासताना. मी जाऊन माफी मागितली. माझी अम्हारिक इतकी मोडकी होती की त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्या फक्त म्हणाल्या, “लिजे”, म्हणजे बाळा, आणि मला कॉफी दिली.

त्यानंतर त्या घरात मीही शिरोच खाल्लं. उपास म्हणून नाही. एकाच चुलीवर वेगळं शिजवायचं धाडस होईना, एवढंच.

शुभ शुक्रवारी त्यांच्यासोबत चर्चला गेले. लोक दिवसभर पुन्हा पुन्हा गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावत होते. शनिवारी डोक्याला हिरव्या गवताची पाती बांधली जातात. रात्री पांढऱ्या नेटेला ओढून, हातात बारीक मेणबत्त्या घेऊन सगळे जमले. मला गीझ भाषा कळत नाही, पण याजकांनी ख्रिस्त उठल्याची घोषणा केली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा चेहरा बघून कळायचं ते कळलं.

तीनच्या सुमारास घरी आलो. कोंबडा आरवत होता. चटईवर मोठी परात, त्यात इंजेरा आणि मधोमध डोरो वॉट: कांदा तासन् तास परतून, बर्बरे मसाला घालून केलेलं कोंबडीचं कालवण, त्यात अख्खी उकडलेली अंडी. तिथे ‘गुर्शा’ असतो, म्हणजे आपण नवरा-नवरीला घास भरवायला लावतो तसा घास, पण रोजच्या जेवणात, पाहुण्याला, आणि एकावर थांबत नाहीत. मालकीणबाईंनी इंजेराचा तुकडा तोडला, त्यात अंडं गुंडाळलं आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला. 55 दिवस त्यांनी स्वतः अंडं चाखलं नव्हतं. घास एवढा मोठा की मला रडताही येईना.

आता आजचा भाग वाचा. हा उतारा मी नेहमी ‘पुनरुत्थान शारीरिक होतं’ याचा पुरावा म्हणून शिकवत आले, आणि ते बरोबरच आहे. पण प्रभू पुरावा कसा देतो बघा. मरणावर जय मिळवून आलेला तो, घाबरलेल्या शिष्यांकडे खायला मागतो. ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो. त्याच संध्याकाळी अम्माऊसला तो पाहुणा म्हणून घरात गेला आणि भाकर मात्र त्यानेच मोडली. कोण यजमान, कोण पाहुणा, हे लूक पक्कं ठरू देत नाही. मी अदिसला द्यायला गेले होते. माझ्या सेवेच्या रिपोर्टात घेण्यासाठी रकानाच नव्हता.

दुसरा घास नातीने भरवला. तिला बहुतेक ऑम्लेट आठवत असावं, कारण ती खूप हसत होती.

प्रार्थना: प्रभू येशू, आज जे घर मला जेवायला बोलावील तिथे मला नीट बसू दे, आणि माझी बोलण्याची घाई थोडी कमी कर. आमेन.