शिक्का, मोर्तब आणि दराची फाईल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकावर लिहिणे हे माझे काम नव्हे, हे मान्य. परंतु हा विषय आमच्या दुधाच्या पैशांतूनच माझ्यापुढे आला.

भोरजवळच्या एका संकलन केंद्रावर आबा रोज १२ लिटर गाईचे दूध घालतात. ३.५ फॅट व ८.५ एसएनएफला जो दर भिंतीवरच्या तक्त्यात होता, त्याहून एक रुपया कमी दर पावतीवर येऊ लागला. दहा दिवसांच्या बिलात १२० रुपयांचा फरक! यंत्र चुकत नाही, असे आम्हांला सांगण्यात आले. यंत्र चुकले नव्हतेच. प्रोग्रामबरोबर आलेली दरांची फाईल नोटपॅडमध्ये कोणालाही उघडता येत होती आणि तिच्यातला एक आकडा बदललेला होता. मुद्दाम की चुकून, ते कळले नाही.

मग अशी फाईल राखावी कशी? प्रथम सुचते ते कुलूप, म्हणजे फाईल सांकेतिक करून ठेवणे. पण प्रोग्रामला ती रोज उघडावी लागते, म्हणून किल्लीही त्याच्याजवळच हवी. घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या कोनाड्यात ठेवावी, तसे हे झाले. दुसरा उपाय ठशाचा. फाईलमधील सर्व अक्षरांवरून गणिताने एक आकडा काढतात. एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार बदलतो. मात्र ठसा फाईलशेजारीच ठेवला, तर लबाड माणूस नवा ठसा काढून ठेवील.

येथे मला वेल्ह्याचा राजगड आठवला. शिवरायांच्या पत्रांत माथ्यावर शिक्का आणि शेवटी मर्यादेची मोर्तब असे. मोर्तबीखाली कोणी ओळ वाढवली तर ती उघडी पडे. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला शब्द त्यातलाच. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या व्यवस्थेत राजपत्रे तपासून अधिक-उणे अक्षर शुद्ध करणे, हे सचिवाचे काम होते. त्याच पदावरून भोर संस्थानचे अधिपती १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत पंतसचिव म्हणवले गेले. आमच्या गावाला फाईल तपासणारा अधिकारी परका नाही तर!

डिजिटल स्वाक्षरी ही आजची मोर्तब. तिची गुप्त किल्ली प्रोग्राम बनवणाराकडेच राहते. ग्राहकाकडे जाते ती फक्त पडताळणीची उघड किल्ली. अक्षर बदलले की स्वाक्षरी जुळत नाही, आणि प्रोग्रामने ती फाईल नाकारावी. आपल्या ऑनलाईन सातबाऱ्यावर २०१८ पासून अशीच स्वाक्षरी मिळते. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते : छपाईयंत्र, अक्षरांचा आकार अशा ग्राहकाने बदलायच्या गोष्टी वेगळ्या फाईलीत ठेवाव्या. नाहीतर छपाईयंत्र बदलले की मोर्तब मोडली! आणि दरांची फाईल अशा जागी असावी, जिथे साध्या खात्यावरून बसणाऱ्यास वाचता येईल, लिहिता येणार नाही.

तरीही संगणक ज्याच्या ताब्यात, तो प्रोग्रामच बदलून पडताळणी काढून टाकू शकतो. स्वाक्षरी बदल उघडकीस आणते, हात धरत नाही. म्हणून भिंतीवरचा छापील तक्ता मला फार मोलाचा वाटतो. आबांनी फरक ओळखला तो त्यावरूनच, आणि आबा चौथीपर्यंतच शिकलेले आहेत.

१२० रुपये पुढल्या बिलात जमा झाले. फाईल मात्र अजून नोटपॅडमध्ये उघडते.